‘इंच लॉस’च्या जाहिराती छापताना जरा विचारत जा की

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुळशीचं लग्न लागलं की तुमच्या रविवारच्या पुरवणीत मंगल कार्यालयं आणि केटररवाल्यांच्या बरोबरीने अजून एक प्रकार हमखास यायला लागतो, "विना ऑपरेशन चरबी घटवा", "पहिल्याच सेशनमध्ये इंच लॉस", "लग्नाआधी हवी तशी फिगर". मागच्या रविवारी एकाच पानावर अशा तीन जाहिराती होत्या आणि शेजारी अर्धं पान भरून एक लेख, त्यात डॉक्टरांचा हसरा फोटो, खाली क्लिनिकचा मोबाईल नंबर, आणि हा मजकूर पैसे देऊन छापलाय हे कळायला मला चष्मा लावून कोपऱ्यातली बारीक ओळ शोधावी लागली. त्यावरून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, कात्री लावायची तर लावा, पण पुण्याच्या याज्ञिक डॉक्टरांबद्दल लिहिलंय तो भाग तेवढा ठेवा.

आधीच सांगते, मी ह्या ट्रीटमेंटच्या विरोधात वगैरे अजिबात नाही. मी स्वतः करून घ्यायचा विचार करतेय. वय ४७, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत, दोन बाळंतपणं झालेली, वजन तसं आटोक्यात आहे पण बेंबीखालचा भाग आणि कंबरेवरचे दोन टायर काही केल्या जात नाहीत. त्यामुळे कृपा करून कोणी "ताई रोज चाला, भात सोडा" असं उत्तर पाठवू नका, चालते मी, सकाळी गंगापूर रोडला अर्धं नाशिक चालत असतं त्यात मी पण असते, आणि भात सोडून पण झालाय. वजन उतरलं की आधी गाल बसतात, मग गळ्याची हाडं वर येतात, ऑफिसात लोक विचारतात आजारी होतीस का गं, आणि टायर जिथल्या तिथे. चरबी आधी कुठली उतरणार हे ज्याच्या त्याच्या अंगावर असतं, आईकडून काय आलंय, हार्मोनचं काय चाललंय, पाळी जायचं वय आलंय का, असं सगळं त्यात येतं, आणि रोज शंभर क्रंचेस मारून फक्त पोटाचीच चरबी उतरवता येत नाही हे कुठलाही प्रामाणिक जिम ट्रेनर सांगेल. मग एखादीला वाटलं की एवढ्याच जागेचं काहीतरी करावं, ब्लाउज आणि निऱ्यांच्या मधे जे बाहेर येतं ते जरा आत जावं, तर त्यात कोणाचं काय जातं. माझ्या सासूबाई ह्याला थेरं म्हणतात, केसांना मेंदी लावत लावत म्हणतात.

तर ट्रीटमेंट खोटी नाहीये. सगळ्यात जास्त गाजलंय ते चरबी गोठवायचं मशीन, शास्त्रातलं नाव क्रायोलिपोलिसिस, पण सगळे फॅट फ्रीझिंगच म्हणतात. त्याची गोष्ट मला फार आवडते. १९७० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं की आईसकँडी चोखणाऱ्या एका तान्ह्या बाळाच्या गालाला लाल घट्ट गाठ आली आणि आतली थोडी चरबी मेली. म्हणजे थंडी कातडीच्या आधी चरबीला मारते. पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डिटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन ह्यांच्या टीमने हेच डुकरांवर करून बघितलं, ते २००८ ला छापून आलं, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि मशीनं मंजूर करणारं त्यांचं सरकारी खातं) पहिली परवानगी दिली ती कंबरेच्या दोन्ही बाजूंसाठी, म्हणजे टायरसाठीच, पोटाची परवानगी २०१२ ला आली. मशीनला एक कप असतो, तो जागेवर लावला की व्हॅक्यूमने वळी आत ओढली जाते, मधे जेलचा पॅड असतो म्हणून कातडी वाचते, तो पॅड नीट लागला नाही तर थंडीने सुद्धा चांगलं भाजतं. मग पाऊण तास ते तासभर गप पडून राहायचं, सुरुवातीला झोंबतं, मग बधिर होतं, कप काढला की तिथे थिजलेला कडक उंचवटा असतो तो चोळून चोळून मोडतात. पुढचे काही आठवडे ती जागा बधिर राहू शकते, काळीनिळी पण होते. मेलेल्या पेशी शरीर हळूहळू उचलून नेतं.

आता आकडे. त्या जागेच्या चरबीच्या थराची जाडी साधारण २० ते २५ टक्क्यांनी कमी होते आणि हे दिसायला दोन ते तीन महिने जातात. म्हणजे समजा ४ सेंटिमीटर जाडीचा थर असेल तर ३ होईल. एवढंच. वजनकाट्यावर काही दिसणार नाही, ३८ ची कंबर ३२ होणार नाही, आणि नंतर खाणं सुटलं तर उरलेल्या पेशी फुगायला मोकळ्या असतातच. ज्याचं वजन मुळात ठीकठाक आहे आणि एका ठराविक जागी हातात धरता येईल अशी वळी आहे त्याच्यासाठी हे मशीन आहे, आणि त्या माणसाला तो एक सेंटिमीटर पुरतो सुद्धा. मला पुरेल.

आणि आता तुमच्या पुरवणीतली "लग्नाआधी १५ दिवसांत" वाली जाहिरात बघा. ज्या गोष्टीचा परिणाम दिसायलाच दोन-तीन महिने लागतात ती १५ दिवसांत कशी होणार? उलट त्या मुलीच्या हळदीच्या दिवशी पोट बधिर आणि कंबरेवर काळेनिळे डाग असणार. माझ्या भाचीचं लग्न जानेवारीत आहे, ती ही जाहिरात फोनमध्ये फोटो काढून घेऊन आली होती, तिला हे सांगितलं तर म्हणे मावशी, पेपरमध्ये आलंय. हे वाक्य तुम्ही जरा मनावर घ्यावं अशी माझी इच्छा आहे. इन्स्टाग्रामवर आलेलं तीच पोरगी दहा वेळा तपासून बघते, पेपरमध्ये आलेलं तपासत नाही.

बाकीची मशीनं थंडीऐवजी उष्णतेने काम करतात, रेडिओफ्रीक्वेन्सी, लेसर, हायफू म्हणजे अल्ट्रासाउंड, हे सगळं बाहेरून चरबी तापवायचे प्रकार. मॅग्नेटवालं एक मशीन आहे ते स्नायू जोरजोरात आखडायला लावतं. आणि डबल चिनसाठी इंजेक्शनं असतात, डीऑक्सिकोलिक अॅसिडची, हे अॅसिड आपल्या पित्तात असतंच, खाल्लेलं तूप-तेल पचवायला. एफडीएने ते २०१५ ला मंजूर केलं ते फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. टोचल्यावर काही दिवस गळा चांगलाच सुजतो, आणि सुई चुकीच्या जागी गेली तर जबड्याजवळची नस दुखावून काही काळ हसू वाकडं होऊ शकतं. हीच इंजेक्शनं दंडावर, पोटावर, वाट्टेल तिथे "फॅट डिझॉल्व्ह" म्हणून देतात आणि ऑनलाईन तर कुपी सकट विकतात, त्याबद्दल एफडीएने लोकांना सावध पण केलंय. आपल्याकडे पार्लरमध्ये ब्लीच करता करता "हे पण घ्या ना मॅम" असं विचारलं जातं हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आता क्लिनिकमधला प्रसंग. मी एका ठिकाणी फ्री कन्सल्टेशनला गेले होते, नाव देत नाही कारण मला एका दुकानाशी भांडायचं नाहीये. समोर पंचवीसेक वर्षांची गोड मुलगी, पांढरा कोट, कोटावर नावाची पट्टी आणि खाली सीनियर स्लिमिंग कन्सल्टंट. मी विचारलं तू डॉक्टर आहेस का गं, तर म्हणाली डॉक्टर मॅम ऑन कॉल असतात. टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, आधीच्या फोटोत बाई पोट सोडून उभी, चेहरा पडलेला, वरून लाईट, नंतरच्यात बाई ताठ, काळी लेगिंग बेंबीच्या वर ओढलेली. मग म्हणाली आपण तुमचं ट्रायल घेऊया. बेंबीवरून टेप लावली, सैलसर, मी श्वास सोडलेला. वीसेक मिनिटं एक गरम डोक्याचं मशीन पोटावर गोल गोल फिरवलं, वर प्लॅस्टिक गुंडाळून ठेवलं, आणि परत टेप, पण ह्या वेळी बेंबीच्या दोन बोटं वर, "पोट जरा आत घ्या मॅम", आणि करकचून. दीड इंच कमी! तिने फॉर्मवर लिहिलं आणि अक्षरशः टाळी वाजवली. घरी येऊन मी शिवणाच्या टेपने नीट बेंबीवरून मोजलं, सकाळी होतं तेवढंच होतं.

मला तिने काय काय विचारलं तर उंची, वजन, जेवण व्हेज की नॉनव्हेज, घरात लग्नकार्य कधी आहे, बजेट किती, कार्ड कुठल्या बँकेचं, म्हणजे ईएमआय बसवता येईल. आणि काय नाही विचारलं ते लिहायला बसले तर अजून एक पान होईल. माझ्या बेंबीपाशी छोटा हर्निया आहे, धाकट्याच्या वेळचा, खोकलं की गोटीएवढा टुचकन वर येतो. ज्या पोटात हर्निया आहे त्या पोटावर व्हॅक्यूमचा कप लावायचा नसतो, हे ह्या ट्रीटमेंटमधलं अगदी पहिल्या पानावरचं पथ्य आहे. ते तिने विचारलंच नाही, मी आपणहून सांगितलं तर म्हणाली, "चालतं मॅम, आपण जरा साईडला लावू." सिझेरियन झालंय का, टाके कुठे आहेत, पोटाच्या मधोमधचे स्नायू फाकलेत का (बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे फाकलेले राहतात आणि मग जे पोट पुढे दिसतं त्यात चरबीचा वाटा थोडाच असतो, तिथे फिजिओथेरपिस्टचा व्यायाम कामाचा, गोठवून काय करणार), थंड पाण्यात हात घातला की बोटं पांढरी पडतात का, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात का, शुगर आहे का, पायाला मुंग्या येतात का, काही काही नाही. थंडीमुळे रक्तातच गडबड होते असे काही दुर्मिळ आजार असतात, क्रायोग्लोब्युलिनेमिया वगैरे, ते असणाऱ्याला हे मशीन लावणं सरळ धोक्याचं आहे, आणि ते असे प्रश्न विचारल्याशिवाय कळणार कसं. शेवटी एक चार पानी इंग्रजी फॉर्म पुढे केला आणि म्हणाली, "इथे, इथे आणि इथे साईन, फॉर्मॅलिटी आहे." मी तो घरी घेऊन जाते म्हटलं तर म्हणे पॉलिसी नाहीये.

आता याज्ञिक डॉक्टरांकडे येते, पण त्याआधी आमच्या ह्यांचं सांगते. त्या क्लिनिकमध्ये माझ्याबरोबर हे पण आले होते, त्यांना त्या मुलीने लगेच कपल पॅकेज सुचवलं. ह्यांचं वय ५२, हातपाय काडी आणि पोट नगाऱ्यासारखं. असे पुरुष तुमच्या आमच्या घरोघरी आहेत, शर्टची खालची बटणं ताणलेली आणि मागून बघितलं तर बारीक. आडवे झाले तरी पोट उभंच राहतं. आता गंमत अशी की ह्यांच्या पोटावरची वळी बोटांत धरायला गेलं तर हाती जेमतेम काही लागतं, कारण चरबी कातडीखाली नाहीच, ती आत आहे, पोटाच्या स्नायूंच्या पलीकडे, लिव्हरभोवती आणि आतड्यांभोवती. त्या कपाने धरायचं काय? बाहेरून लावायचं कुठलंच मशीन तिथपर्यंत पोचत नाही, ते जाऊ दे, लायपोसक्शन म्हणजे ऑपरेशन करून चरबी ओढून काढतात, त्याची नळी पण तिथे जात नाही. तरी पॅकेज दोघांचं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी ह्याच विषयावर आयुष्य घातलंय, बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीवाला कसा असतो ह्यावर. २००४ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या साप्ताहिकात त्यांचा आणि जॉन युडकिन ह्या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, कुठल्याही चार्टवर दोघं नॉर्मल. पण मशीनवर मोजलं तर युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दुप्पटीहून जास्त! आणि ही चरबी आपल्या लोकांत जास्त करून पोटात साठते, मग शुगर, बीपी ते सगळं मागून येतं. म्हणून आपल्यासाठी कंबरेच्या घेराची मर्यादा गोऱ्या लोकांपेक्षा कमी ठेवलीय, पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८०. आमचे हे १०२ आहेत. त्यांना फॅट फ्रीझिंगचं पॅकेज विकणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा, त्यांना गरज आहे ती शुगर तपासायची, आणि ती मी त्याच आठवड्यात तपासून घेतली, बॉर्डरवर आली.

एवढ्यासाठी हा भाग कापू नका म्हटलं. तुमच्याकडच्या एका जाहिरातीत सरळ लिहिलंय, "चरबी घटवा, डायबेटिस-बीपीचा धोका टाळा". अहो, २००४ मध्येच अमेरिकेत पंधरा लठ्ठ बायकांच्या पोटाची कातडीखालची चरबी लायपोसक्शनने काढली होती, थोडीथोडकी नाही, सरासरी नऊ-दहा किलो, आणि अडीच-तीन महिन्यांनी परत तपासलं तर इन्सुलिनचं काम, बीपी, कोलेस्टेरॉल कशातच म्हणावा असा फरक नव्हता. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलंय हे. दहा किलो ओढून काढून जे झालं नाही ते एका कपाने होणार आहे का? दिसण्यासाठी करतोय असं म्हणून करा ना, मी पण दिसण्यासाठीच करणार आहे, पण तब्येतीची भीती घालून कशाला विकताय.

आणि उलटं झालं तर काय होतं हे पण जाहिरातीत नसतं. लिंडा इव्हँजेलिस्टा नावाची मॉडेल होती, नव्वदच्या दशकात सगळ्या फॅशन मासिकांवर असायची, तिने २०२१ ला जाहीर केलं की ह्याच चरबी गोठवायच्या ट्रीटमेंटनंतर तिची चरबी कमी होण्याऐवजी वाढली. कप लावलेल्या जागी घट्ट उंचवटे आले. ह्याला पॅराडॉक्सिकल अॅडिपोज हायपरप्लेसिया म्हणतात, काही महिन्यांनी कपाच्याच आकाराचा फुगवटा वर येतो, तो आपोआप जात नाही, डाएटने जात नाही, शेवटी लायपोसक्शनच करावं लागतं, म्हणजे जे टाळायला गेलो तेच. तिने कंपनीवर केस केली, २०२२ मध्ये तडजोड झाली. हे होण्याचं प्रमाण कमी आहे हे मान्य, २०१४ ला पहिल्यांदा जेव्हा डॉक्टरांनी ह्याबद्दल लिहिलं तेव्हा साधारण वीस हजारांत एक असा अंदाज होता, नंतरच्या डॉक्टरांना ते त्याहून बरंच जास्त आढळलं, आणि बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. मी काही घाबरून घरी बसणारी नाही, रोज टू-व्हीलरवर मुंबई नाका पार करते. पण मला हे कोणीतरी तोंडाने सांगायला पाहिजे, मराठीत, सही घ्यायच्या आधी. मी त्या मुलीला विचारलं तर तिने हे नावच ऐकलं नव्हतं. तिची काय चूक म्हणा, तिला सेल्सचं टार्गेट दिलंय.

पैशाचं थोडक्यात सांगते. आरोग्य विमा ह्याला एक पैसा देत नाही. डॉक्टरी उपचारावर जीएसटी नसतो पण दिसण्यासाठी केलेल्या असल्या कामावर तो लागतो, आणि मला तो सगळं ठरल्यावर शेवटच्या आकड्यावर सांगितला. जाहिरातीतला भाव एका कपाचा असतो, पोटाला दोन-तीन कप आणि दोन्ही टायर मिळून अजून दोन, आणि बऱ्याचदा सेशन पण दोन लागतात. म्हणजे जाहिरातीतला आकडा बघून गेलेल्या बाईला समोर कितीतरी पट रक्कम दिसते, मग आजच बुक केलं तर चाळीस टक्के ऑफ, उद्या नाही. साडीच्या सेलला ठीक आहे हे.

तर आता तुमच्याकडे मागणं असं आहे. माझं म्हणणं नाही की ह्या जाहिराती बंद करा, पेपर कसा चालतो हे मला कळतं. पण निदान जी जाहिरात छापता तिच्यात ट्रीटमेंट कोण करणार त्या डॉक्टरचं नाव, डिग्री आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असल्याशिवाय घेऊ नका. नंबर असला की वाचक कौन्सिलकडे तपासू शकतो, डॉक्टर त्वचारोगाचे आहेत, प्लास्टिक सर्जन आहेत, की भलत्याच कशाचे आहेत ते कळतं. मशीनचं नाव आणि कंपनी पण हवी, "अमेरिकन टेक्नॉलॉजी" म्हणजे काय, मी विचारलं तर मशीनवर स्टिकरच नव्हता. आधीच्या-नंतरच्या फोटोखाली दोन्ही फोटोंत किती महिन्यांचं अंतर आहे आणि मधे वजन किती उतरलं हे लिहायला लावा, बघा किती जणांचे फोटो राहतात. पैसे घेऊन छापलेल्या लेखावर जाहिरात हा शब्द मथळ्याएवढा मोठा करा.

तुम्ही म्हणाल कायदा काय सांगतो. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीजचा कायदा आहे, ज्या आजारांवर औषधाच्या जाहिराती करायच्या नाहीत त्या यादीत लठ्ठपणा आहे, आता मशीनला तो कसा लावायचा ह्यावर वकील लोक वाद घालत बसतील ते बसू देत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मात्र दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड सांगतो. त्यात छापणाऱ्याचा पण उल्लेख आहे, नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणून छापलं असं दाखवलं तर सुटका आहे, म्हणजे तुमची सुटका आहे, काळजी नसावी. पण सुटका आहे म्हणून काहीच विचारायचं नाही हे काही पटत नाही. वाचकांना सांगते, फसवणूक झाली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, पावती आणि तो चार पानी फॉर्म जपून ठेवा, आणि फॉर्म घरी नेऊ देत नसतील तर समोरच फोनवर फोटो काढा, कोणी अडवत नाही, मी काढले.

अजून एक सुचवायचं होतं. पुरवणीत जर ह्या विषयावर खरा लेख द्यायचा असेल तर एखाद्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागातल्या किंवा प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांना विचारा, ज्यांचं स्वतःचं मशीन नाही. त्यांना विचारा की कोणाला उपयोग होतो, कोणाला नाही, बाळंतपणानंतर किती थांबायचं, हर्निया असेल तर काय. प्रश्न मी काढून देते हवे तर, वहीत लिहूनच ठेवलेत.

माझं स्वतःचं म्हणाल तर आधी सर्जनला हर्निया दाखवणार आहे, फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय. पोटाचं त्यामुळे सध्या बाजूलाच राहिलं. टायरचं मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बघेन, जिथे डॉक्टर स्वतः समोर बसून बोटांनी वळी धरून बघेल आणि "ताई, तुम्हाला ह्याचा उपयोग नाही" असं म्हणण्याची तयारी ठेवेल अशा ठिकाणी. नाशिकमध्ये असं एक ठिकाण कळलंय, तिथले डॉक्टर येणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना परत पाठवतात अशी ख्याती आहे. त्यांची जाहिरात तुमच्या पेपरात मी कधी बघितली नाही.

जाता जाता, मी तुमच्या जाहिरात विभागाला फोन केला होता, पुरवणीत नंबर असतोच. ज्याने उचलला तो मुलगा चांगला होता, म्हणाला, "मॅडम, आम्हाला क्लायंटकडून रेडी आर्टवर्क येतं, आम्ही फक्त साईज बघतो." साईज सोडून बाकीचं कोण बघतं, आणि डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर मागायला तुमच्या फॉर्मवर एक रकाना वाढवता येईल का, एवढं ह्याच सदरात छापून कळवा.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
(नाव छापू नये, बँकेतले सगळे हा पेपर वाचतात)
नाशिक